मेकाँगच्या कालव्यांकाठून निवांत सायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात चार-पाच दिवस आरामात सायकल चालवायची, या बेताबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिएतनाममध्ये सायकलसाठी इतक्या जागा आहेत, मग मेकाँगच का?

कारण इथे चढ नाही. जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहे आणि मोठ्या नद्यांवरचे पूल सोडले तर गिअर बदलायची वेळ क्वचितच येते. दुसरं म्हणजे वाटा. कालव्यांच्या काठाने गावागावांतून दीड-दोन मीटर रुंदीच्या काँक्रीटच्या वाटा गेल्या आहेत. त्यांच्यावर मोटार शिरूच शकत नाही. दोन्ही बाजूंना माड, पोमेलोच्या बागा, अंगणात वाळत घातलेल्या नारळाच्या करवंट्या. कोकणातली पाखाडी सपाट करून मैलोन् मैल लांबवली तर जसं वाटेल, तसं.

उत्तरेत निन्ह बिन्हच्या चुनखडीच्या डोंगरांमधून अर्धा-एक दिवस फिरणं छान होतं. माय चाऊचं खोरंही सुंदर आहे, पण तिथे पोचायला हनोईहून घाट ओलांडावा लागतो. होई आनच्या आसपास त्रा के हे भाजीमळ्यांचं गाव आणि काम किम बेट सकाळच्या फेरीला उत्तम. पण सलग काही दिवस, रोज नव्या गावी मुक्काम करत जायचं असेल तर मेकाँगच.

२. वय ५८, सायकल अधूनमधून चालवतो. जमेल का?

जमेल. रोजचं अंतर ३० ते ४५ किमी धरा. चालत्या सायकलचा वेग ताशी १२-१४ किमी असतो. शहाळं, फोटो, फेरीबोटीची वाट पाहणं हे सगळं धरलं तर तासाला आठेक किमीच होतात आणि तसेच व्हायला हवेत. या सहलीत ८० किमीचा दिवस आखणारा माणूस हमरस्त्यावर ट्रकांच्या शेजारून जाऊन येतो, त्याला मेकाँग दिसतच नाही.

तयारीसाठी सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन दिवस, १० किमीपासून सुरुवात करून २५ पर्यंत जा. निघण्याआधी एकदा तरी सलग दोन दिवस ३० किमी चालवा. पहिल्या दिवशी कुणालाच काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना जे दुखतं त्याची ओळख घरीच झालेली बरी.

दमापेक्षा तोल महत्त्वाचा. जमिनीवर अर्ध्या मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढा आणि त्यांच्यामधून २० मीटर अगदी हळू चालवून पाहा. पाय न टेकता जमलं तर इथल्या वाटा जमतील.

३. मार्ग नेमका कसा आखायचा?

पाच दिवसांचा एक चांगला आराखडा असा. पहिल्या दिवशी हो ची मिन्ह सिटीहून गाडीने मी थो (सुमारे ७० किमी, दोन तास), तिथून नदी ओलांडून बेन त्रे आणि दुपारनंतर माडांच्या बागांतून २० किमी. दुसऱ्या दिवशी बेन त्रे ते त्रा विन्ह. हे अंतर हमरस्त्याने साधारण ४५-५० किमी आहे, आतल्या वाटांनी थोडं वाढतं. मध्ये को चिएन नदीवरचा २०१५ साली खुला झालेला पूल लागतो. तिसऱ्या दिवशी त्रा विन्ह परिसरातली ख्मेर मंदिरं आणि आओ बा ओम तळं सायकलने पाहा आणि दुपारी गाडीने विन्ह लाँग गाठा. चौथा दिवस विन्ह लाँगसमोरच्या आन बिन्ह बेटावर फळबागांतून २५-३० किमी, मुक्काम बेटावरच. पाचव्या दिवशी गाडीने कन थो आणि त्याच्या पुढच्या सकाळी काय रांगचा तरंगता बाजार.

काय रांगला पहाटे साडेपाचला होडीत असायला हवं. आठनंतर फारसं काही उरत नाही आणि रस्ते सुधारल्यापासून बाजारही आटत चालला आहे. प्रत्येक होडीवर उभा बांबू असतो, त्याला जे टांगलेलं असेल ते त्या होडीत विकायला आहे: अननस, भोपळा, कांदे.

विन्ह लाँग ते कन थो हा राष्ट्रीय महामार्ग क्र. १ सायकलने करू नका. अंतर चाळीसेक किमीच आहे, पण रस्ता कंटेनरांचा आहे.

४. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. मार्च-एप्रिलमध्ये पारा ३५ च्या घरात जातो आणि दमटपणा वेगळाच. मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण आपल्यासारखी झड लागत नाही. बहुतेकदा दुपारी तास-दीड तास कोसळून मोकळं होतं. रांबुतान, लाँगन, ड्युरियन खायचे असतील तर जून ते ऑगस्टच गाठावा लागेल.

दोन अपवाद लक्षात ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि विन्ह लाँग, कन थोकडच्या सखल वाटांवर काही तास पाणी चढतं. बेत आखताना पंचांग जवळ ठेवा. दुसरा अपवाद तेत, म्हणजे तिथलं नववर्ष. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्याआधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचा आठवडा दुकानं, खानावळी, सायकलवाले बरेचसे बंद असतात आणि बसमध्ये जागा मिळत नाही.

५. व्हिसाचं काय? अर्ज करताना लोक कुठे चुकतात?

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचं शुल्क २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचं ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असा असतो. बाकीच्या साइट मध्यस्थांच्या असतात. कामकाजाचे तीन दिवस सांगितले जातात, पण दोन आठवडे हाताशी ठेवा.

चुका ठरलेल्या आहेत. नाव पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सर्वांत खाली छापलेल्या दोन ओळींत जसं आहे तसंच हवं. वडिलांचं नाव मध्ये घालणं किंवा गाळणं इथेच गफलत होते. प्रवेशाचं ठिकाण निवडलं असेल त्याच ठिकाणी उतरा. आणि तारीख: व्हिसा १० तारखेपासून असेल आणि विमान ९ तारखेला रात्री साडेअकराला पोचत असेल, तर तुम्ही एक दिवस आधी आलेले ठरता. विमानाची वेळ पाहताना तिकडचं घड्याळ दीड तास पुढे आहे हे विसरू नका.

कंबोडियाला जायचा बेत असेल तर प्रश्न १९ पाहा.

६. आमची ग्रुप टूर हनोई, हा लाँग, दा नांग, सायगॉन (हो ची मिन्ह सिटी) अशी आहे. त्याला हे जोडता येईल?

येईल. परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकला आणि फक्त बेन त्रे करा. सकाळी सहाला निघालात तर नऊच्या आत सायकलवर असाल. एक रात्र तिथे, दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी आणि संध्याकाळपर्यंत परत. ‘एका दिवसात मेकाँग’ या सहलींत सायकल असते, पण बहुधा अर्ध्या तासापुरती.

रेल्वेने जाता येणार नाही. सायगॉन ते मी थो हा मार्ग १८८५ साली सुरू झाला होता, तो १९५८ मध्ये बंद पडला. आज बस किंवा भाड्याची गाडी हेच पर्याय. बस शहराच्या पश्चिमेकडच्या मिएन ताय स्थानकावरून सुटतात.

७. सायकल भाड्याने घ्यावी की आपली न्यावी?

पाच दिवसांसाठी भाड्यानेच. आपली न्यायची तर खोक्यात बांधणं, विमानाचं जादा सामान, बसवाल्याशी घासाघीस हे सगळं आलं. चांगल्या गिअरच्या सायकली हो ची मिन्ह सिटी आणि कन थोच्या सायकल-सहलवाल्यांकडे मिळतात. गावातल्या होमस्टेची सायकल बिनगिअरची, पुढे टोपली असलेली असते. १० किमीच्या फेरीला ती मस्त, ४० ला नाही.

उंची पाच फुटांच्या आत किंवा सहाच्या वर असेल तर आधीच सेंटिमीटरमध्ये कळवा. मधल्या मापाच्याच सायकली जास्त असतात. घरून न्यायच्या दोनच वस्तू: हेल्मेट आणि सवयीची सीट किंवा जेलचं कव्हर.

८. सायकल हातात आल्यावर काय तपासायचं?

निघायच्या आदल्या संध्याकाळी २० मिनिटं द्या.

ब्रेक आधी. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडच्या कित्येक सायकलींना तो डाव्या हाताला असतो. उभ्या जागी एकेक लिव्हर दाबून चाक ढकलून पाहा आणि मग मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा थांबायचा सराव करा. घाईत चुकीचा लिव्हर कचकन दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो.

सीटची उंची: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. सीट खाली असेल तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, वर असेल तर मागच्या. उंची ठरली की दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा.

टायर ४० मिमीच्या आसपास रुंद असावा, हवा ४५-५० पीएसआय. त्याहून कडक भरली तर काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याचा दणका मनगटाला बसतो. घंटी वाजते ना, तेही पाहा. इथे तिचं काम ब्रेकइतकंच आहे.

९. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. सवय होते का?

सरळ जाताना तासाभरात होते. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. शहाळं पिऊन बाहेर पडलं की पाय आपोआप डाव्या बाजूला वळतो. म्हणून सायकल लावतानाच जायच्या दिशेला तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेला लावा. डावीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. मोठ्या चौकात उतरा आणि सायकल हातात धरून पार करा.

हॉर्न सतत वाजतो. तो ‘मी आहे’ एवढंच सांगण्यासाठी असतो. दचकून मागे वळू नका, हँडल वळतं. सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहा, स्कूटरवाला तुम्हाला वळसा घालतो. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. मोठ्या पुलांवर दुचाकींची मार्गिका असते तिथून जायचं.

१०. अरुंद वाटांवर माणसं कालव्यात पडतात असं ऐकलं. खरं आहे का?

पडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच. काँक्रीटची कडा शेजारच्या मातीपेक्षा चार-सहा इंच उंच असते. समोरून स्कूटर आली की नवखा माणूस चालत्या सायकलवर कडेला सरकतो आणि पुढचं चाक कडेवरून घसरतं. ते परत वर घ्यायला हँडल वळवलं की चाक कडेला घासतं आणि तोल गेलाच. कठडा बहुतेक ठिकाणी नसतो.

उपाय सोपा आहे. स्कूटर दिसली की वेग कमी करा, उजवीकडे थांबा, पाय टेका, तिला जाऊ द्या. चाक खाली गेलंच तर वर घ्यायचा प्रयत्न न करता ब्रेक दाबून थांबा. पावसानंतर आणि दाट सावलीत कडेचा वीतभर भाग शेवाळलेला असतो, म्हणून रिकाम्या वाटेवर मध्यातून चालवा. नजर चाकाजवळ नको, दहा मीटर पुढे हवी.

कालव्यांवरचे छोटे पूल ही दुसरी जागा. होडी खालून जावी म्हणून त्यांना मध्ये उंचवटा असतो, चढ आखूड पण उभा. पलीकडचं काही दिसत नाही. पायथ्याशी येण्याआधीच हलका गिअर टाका, कारण चढावर जोर लावून बदलला तर चेन उतरते. दोनदा घंटी वाजवा आणि माथ्यावर थांबू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. दोन सायकलींत १५ मीटर अंतर ठेवा. पुढचा दमून थांबला तर मागच्याला जागा हवी.

कापणीच्या दिवसांत, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाटेवर भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून सायकल नेऊ नका. दाणे चाकाखाली घसरतात आणि तो कुणाच्या तरी वर्षाचा दाणा आहे. कडेने, उतरून जा.

११. फेरीबोटीत सायकल कशी चढवायची?

आधी तिकीट, ते अगदी थोड्या पैशांचं असतं. मोटारी आणि स्कूटर चढल्या की उतरून, सायकल हातात धरून जा. धक्क्याची लोखंडी फळी ओली असते आणि ओहोटीला उतार वाढतो. दोन्ही हात ब्रेकवर ठेवा. बोटीत सायकल स्टँडवर सोडू नका, धरून उभे राहा.

१२. पंक्चर झालं तर?

गावागावांत स्कूटरचे पंक्चर काढणारे बसतात. दारात जुना टायर टांगलेला आणि ‘वा से’ अशी पाटी. काम चांगलं आणि झटपट करतात. घोटाळा दोन ठिकाणी होतो. तुमच्या ट्यूबला बारीक, लांब व्हॉल्व्ह (प्रेस्टा) असेल तर त्यांचा पंप बसत नाही. करंगळीच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर घरून आणा. दुसरं, त्यांचा कॉम्प्रेसर क्षणात भरमसाट हवा भरतो. थोडी-थोडी भरा अशी खूण करा आणि अंगठ्याने दाबून पाहत राहा.

दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सोबत हवाच. ट्यूबचं माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, ते पाहूनच घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर तीही पाच मिनिटांत पंक्चर होते.

१३. उन्हाचं काय करायचं?

पहाटे सहाला निघा, साडेदहा-अकराला थांबा, हवं तर साडेतीननंतर तासभर चालवा. मधल्या वेळेसाठी तिथे झकास सोय आहे. रस्त्याकडेच्या चहा-कॉफीच्या टपऱ्यांत झाडाखाली ओळीने झोपाळे बांधलेले असतात. बर्फ घातलेली कॉफी, उसाचा रस किंवा शहाळं मागवा आणि तास-दोन तास खुशाल पडून राहा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दिवसातून एक ओआरएसचं पाकीट, पूर्ण एक लिटर पाण्यात. कमी पाण्यात घट्ट करून पिऊ नका. सुती टी-शर्ट घामाने चिकटतो, पातळ सिंथेटिक आणि पूर्ण बाह्यांचा बरा. तिथल्या बायका हातमोजे आणि चेहरा झाकणारं कापड लावूनच बाहेर पडतात, त्यांचं अनुकरण करा.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण शब्द नेमका वापरायला हवा. ‘भाजी’ मागितलीत तर भाजीच मिळेल, मात्र माशांच्या सॉसमध्ये परतलेली. ‘फो’ या नूडल-सूपचं पाणी हाडांचं असतं, वर मांस नसलं तरी. म्हणून ‘चाय’ हा शब्द धरा. देवळाजवळ ‘कम चाय’ अशी पाटी असलेली खानावळ म्हणजे संपूर्ण शाकाहारी भातथाळी, टोफू आणि अळंबीच्या भाज्यांसह. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कित्येक स्थानिक लोकही हेच जेवतात, तेव्हा अशी दुकानं जास्त दिसतात. होमस्टेला एक दिवस आधी कळवा, माशांचा सॉस नको हे वेगळं सांगा.

बौद्ध पद्धतीच्या या जेवणात कांदा-लसूण बऱ्याचदा नसतो, पण गाजर, अरवी असते. जैन मंडळींनी ते विचारून घ्यावं. भात सगळीकडे मिळतो, त्यामुळे मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की अडत नाही.

१५. बायकांसाठी वेगळं काही? स्वच्छतागृहं?

वाटेवर पेट्रोल पंप आणि झोपाळ्यांच्या टपऱ्या. टपरीत काहीतरी विकत घ्या आणि विचारा. टिश्यू आणि साबण जवळ ठेवा. पॅडच्या सायकल-चड्डीखाली दुसरी अंतर्वस्त्रं घालू नयेत, शिवण घासून जखम होते. त्वचेला पेट्रोलियम जेली लावा. ओढणी किंवा ढगळ सलवार चेनमध्ये अडकते, उजवा पाय क्लिपने बांधा. देवळात खांदे-गुडघे झाकायला एक स्टोल पुरतो.

१६. पैसे किती आणि कसे न्यावेत?

गावात रोखच चालते. एका रुपयाला साधारण ३०० डोंग मिळतात, म्हणजे ५०,००० ची नोट पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत. शहाळ्याचे पैसे देताना भलतीच नोट जाते. पाच लाखाच्या वेगळ्या खिशात ठेवा. बदलायला नेलेले डॉलर कोरे, न दुमडलेले असू द्या.

१७. नकाशात रस्ता आहे, प्रत्यक्षात नाही. किंवा जिल्ह्याचं नावच जुळत नाही.

दोन्ही होतं. नकाशातली बारीक रेघ कधी कुणाच्या अंगणात संपते, कधी मधला पूल पायऱ्यांचा निघतो. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि नदी ओलांडताना तिथे पूल आहे की फेरीबोट, ते होमस्टेच्या मालकांना आदल्या रात्री विचारा.

नावांचं कारण सरकारी आहे. १ जुलै २०२५ पासून देशातल्या ६३ प्रांत-शहरांची ३४ झाली. बेन त्रे आणि त्रा विन्ह हे प्रांत विन्ह लाँगमध्ये विलीन झाले, मी थो आता दाँग थाप प्रांतात आहे. गावं जिथे होती तिथेच आहेत. बुकिंग करताना गावाचं नाव पाहा, प्रांताचं नाही.

१८. ई-सायकल चालेल का? आणि मुलं?

तिथे भाड्याने मिळाली तर जरूर घ्या, फक्त रात्री चार्जिंगची खात्री करा. घरून नेता येणार नाही. १६० वॉट-अवरहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-सायकलची बहुतेक त्याहून मोठीच असते.

बारा वर्षांवरची, रस्त्यावर चालवायची सवय असलेली मुलं हे अंतर सहज करतात. त्याहून लहानांना आन बिन्ह बेटावरची छोटी फेरी ठीक. काठाला कठडा नसतो (प्रश्न १०), म्हणून त्यांच्या पुढे एक आणि मागे एक मोठा माणूस हवा.

१९. चाऊ दोकवरून कंबोडियात जाऊन परत यायचं असेल तर?

एकदा प्रवेशाचा व्हिसा देश सोडताच संपतो, त्याचे दिवस उरले असले तरी. परत यायचं असेल तर अनेकदा प्रवेशाचाच काढा. भाड्याची सायकल सीमेपलीकडे नेता येत नाही असंच धरून चला. ती चाऊ दोकलाच परत द्यायचं आधी ठरवा.

२०. कुत्रा मागे लागला, चावला, किंवा पडून लागलं तर?

गावात कुत्री मोकळी असतात आणि अंगणापुढून जाणाऱ्या सायकलवर भुंकतात. वेग वाढवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. चावला किंवा नख लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ‘घरी गेल्यावर बघू’ हे चालणार नाही. पुढच्या मात्रांच्या तारखा लिहून घ्या, त्या भारतात पूर्ण करता येतात.

रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५, पोलिसांचा ११३. फोनवर इंग्रजी समजेलच असं नाही, म्हणून होमस्टे किंवा सायकलवाल्याचा नंबर पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या फोनमध्ये घाला. प्रवास विम्याच्या कागदात सायकलचा उल्लेख शोधा. काही पॉलिसी ती ‘साहसी खेळा’त धरतात आणि तेवढ्यावर दावा नाकारला जातो. कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घेऊन ठेवा.